मोटारीतला पिवळा दिवा

माझे मेहुणे साताऱ्याजवळच्या एका गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी मोटार घेतली. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पुण्याहून घरी परतताना, खंबाटकी घाट चढून वर आल्यावर, समोरच्या डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागला. दिव्यावर इंजिनाचे छोटेसे चित्र होते. गाडीचा आवाज बदलला नव्हता, ओढ कमी झाली नव्हती, धूर नव्हता की वास नव्हता. फक्त तो दिवा. मागे बसलेल्या माझ्या भाचीने विचारले, "बाबा, हा दिवा कशाचा?" आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाबांना उत्तर देता आले नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या दिव्यापायी त्यांचे साडेपाच हजार रुपये गेले, आणखी बावीस हजारांचा अंदाज हातात पडला, आणि शेवटी दिवा विझला तो साडेचारशे रुपयांत. हे कसे घडले ते सांगतोच. पण त्याआधी हा दिवा मोटारीत आला कोठून, आणि तो नक्की कशावर नजर ठेवून असतो, ते पाहायला हवे. गंमत अशी, की या साऱ्या प्रकारात दिव्याने एकदाही खोटे सांगितले नव्हते.

लॉस एंजेलिसचे धुरके

या दिव्याचे मूळ आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात. १९४३ सालच्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी असे दाट, डोळ्यांना झोंबणारे धुरके पसरले, की युद्धाच्या त्या दिवसांत काही लोकांना जपानने विषारी वायू सोडल्याची शंका आली. कारखाने बंद करून पाहिले, तरी धुरके पुन्हा पुन्हा येतच राहिले. ते कशाचे, याचा उलगडा केला आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हे गृहस्थ तेथल्या तंत्रविज्ञान संस्थेत अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते! अननसाच्या वासातली सूक्ष्म द्रव्ये गोळा करण्याची त्यांची पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावून पाहिली. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो, आणि डोळ्यांतून पाणी काढणारे धुरके त्यातूनच जन्मते.

ओझोनमुळे ताणलेल्या रबराला भेगा पडतात. हागेन-स्मिट यांनी तर वाकवलेल्या रबराच्या पट्ट्यांना किती वेळात भेगा पडतात यावरून हवेतल्या ओझोनचा अंदाज घेतला होता. रबराच्या भेगा ही गोष्ट ध्यानात ठेवा. आमच्या गोष्टीतही ती येणार आहे, जरा वेगळ्या कारणाने.

१९६७ साली कॅलिफोर्नियात हवेच्या रक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० साली अमेरिकेने कडक कायदा केला. तो पाळायचा तर इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाटेतच शुद्ध करणे भाग होते. म्हणून १९७५ सालापासून तेथल्या मोटारींच्या धुराच्या नळीत एक डबा बसू लागला. त्याला उत्प्रेरक परिवर्तक म्हणतात. गॅरेजमध्ये याच डब्याला 'कॅट' किंवा 'कन्व्हर्टर' म्हणतात.

चौदा पूर्णांक सात

डब्याच्या आत सिरॅमिकची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. या धातूंच्या सान्निध्यात दोन उलट्या प्रकारची कामे होतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल यांना ऑक्सिजन मिळून त्यांचे कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाणी होते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन मात्र काढून घेतला जातो व साधा नायट्रोजन उरतो. म्हणजे एकाला ऑक्सिजन द्यायचा आणि दुसऱ्याकडून घ्यायचा. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर दुसरे काम अडते, कमी पडला तर पहिले. दोन्ही कामे एकाच वेळी नीट व्हायची तर इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी काटेकोर लागते.

हे प्रमाण तुम्हाला स्वतः काढता येईल. पेट्रोल म्हणजे निव्वळ ऑक्टेन आहे असे समजा. ऑक्टेनच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. त्याच्या पूर्ण ज्वलनाला ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात. रेणुभार मांडले की ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन, असा हिशेब येतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. तेव्हा १ ग्रॅम ऑक्टेनला सुमारे १५ ग्रॅम हवा. बाजारातल्या पेट्रोलमध्ये हायड्रोजन थोडा कमी असलेले इतर पदार्थही मिसळलेले असतात, म्हणून मोटारीच्या पुस्तकांत १४.७ हा आकडा दिलेला असतो. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १ ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते, आणि २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते.

जुन्या कार्बुरेटरला हा काटेकोरपणा झेपणारा नव्हता. चढावर, थंडीत, गर्दीत, प्रत्येक वेळी त्याचे प्रमाण बदलायचे. म्हणून धुराच्या नळीत एक राखणदार बसवण्यात आला, ऑक्सिजनचा संवेदक. यापुढे आपण त्याला गॅरेजमधल्या भाषेत सेन्सरच म्हणू. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात व्होल्वो कंपनीने बॉश कंपनीचा असा सेन्सर कॅलिफोर्नियात विकायच्या मोटारींना लावला, आणि मग तो सगळीकडे पसरला.

सेन्सर म्हणजे झिर्कोनियाची, शिवणकामातल्या अंगुस्तानाएवढी एक टोपी. तिच्या आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ मुलामा. बाहेरून धूर, आतून साधी हवा. ही टोपी ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ लागतात, आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका विद्युत्‌दाब तिच्यात निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन शिल्लक असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडले असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. म्हणजे हा एक छोटा विद्युत्‌घटच झाला.

मोटारीतला संगणक हा दाब सतत वाचतो. ०.९ दिसले की पेट्रोल किंचित कमी करतो, ०.१ दिसले की किंचित वाढवतो. सायकल सरळ रेषेत चालवणारा मुलगा हँडल सारखे थोडे डावीउजवीकडे हलवत असतो, तसेच हे. आणि आपण मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले किंवा कमी केले, याची नोंदही संगणक ठेवतो. या नोंदीला आपण 'दुरुस्तीचा टक्का' म्हणू. पुढे सारे याच टक्क्यावर अवलंबून आहे.

दिवा कोणासाठी?

आता अडचण पाहा. सेन्सर म्हातारा झाला, डब्यातली वीट निकामी झाली, एखादी नळी फाटली, तरी गाडी चालतच राहते. चालवणाऱ्याला कळत नाही. नुकसान होते ते रस्त्यावरच्या हवेचे. मग त्याला कळवणार कोण? कॅलिफोर्नियाच्या मंडळाने ठरवले, की मोटारीने स्वतःच स्वतःची तपासणी करावी आणि धूर बिघडवणारा दोष दिसला तर दिवा लावावा. १९८८ सालापासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना हे लागू झाले. पण तेव्हा प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, जोडणी वेगळी. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत एकच पद्धत आली: स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डाखाली सोळा टाचण्यांची एकसारखी जोडणी आणि दोषांचे एकसारखे क्रमांक.

आपल्याकडे १९९५ साली मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकाचा डबा सक्तीचा झाला. शिशामुळे डब्यातले धातू निकामी होतात, म्हणून त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल आणावे लागले, आणि २००० सालापासून ते देशभर मिळू लागले. भारत स्टेज चार हे नियम २०१० साली प्रथम तेरा शहरांत लागू झाले. त्यांत आपली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही तीन होती. याच नियमांबरोबर मोटारीने स्वतःची तपासणी करण्याची अटही आली. २०२० सालापासून भारत स्टेज सहा देशभर लागू आहे, आणि त्यामुळे आता नव्या मोटारसायकलींवर आणि स्कूटरांवरही हाच पिवळा दिवा दिसतो. दादाच्या गाडीवर किल्ली फिरवून पाहा.

थोडक्यात, हा दिवा मुळात हवेसाठी आहे. आपण तो खिशाच्या धसक्याने पाहतो, ही गोष्ट वेगळी.

दिवा लगेच लागतही नाही. बहुतेक दोष एकदा दिसला तर संगणक नुसती आठवण ठेवतो. पुढच्या फेरीत तोच पुन्हा दिसला तर दिवा लावतो. दोष पकडला त्या क्षणी इंजिनाचा वेग किती होता, तापमान किती होते, हेही तो टिपून ठेवतो. पुढच्या लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष आढळला नाही तर दिवा आपोआप विझतो. अमेरिकेतल्या मोटारी तर पेट्रोलच्या टाकीतून वाफ निसटते का, हेही तपासतात. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीही त्यांना कळते. त्यामुळे पेट्रोल भरून झाकण नीट फिरवले नाही एवढ्यानेही तेथे हा दिवा लागतो, आणि 'दुरुस्ती' म्हणजे झाकण घट्ट करणे.

मात्र दिवा उघडझाप करू लागला तर प्रकरण निराळे. त्याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीने पेट्रोल पेटतच नाही. संगणकाला हे कसे कळते, ते ऐकण्यासारखे आहे. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक दातेरी चक्र असते. मिनिटाला ३००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ५०. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला शंभर. त्यांतला एखादा स्फोट चुकला की चक्र तेवढ्यापुरते कणभर मंदावते, आणि दात्यांच्या मोजणीवरून संगणक नेमका सिलिंडर ओळखतो. न जळलेले पेट्रोल मग तापलेल्या डब्यात जाऊन जळते, आणि आतली सिरॅमिकची वीट वितळूही शकते. प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे तिन्ही मौल्यवान धातू आहेत, तेव्हा नवा डबा काय किमतीला पडेल याची कल्पना करा. म्हणून स्थिर दिवा असेल तर घरी जाऊन दोन-चार दिवसांत तपासणी करावी. दिवा उघडझाप करीत असेल तर वेग कमी करून लवकरात लवकर गाडी थांबवावी. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा हा तर तिसराच प्रकार. तो लागला की सुरक्षित जागा पाहून तत्क्षणी इंजिन बंद करायचे, कारण तेथे धोका इंजिनाच्या जिवालाच असतो.

पी ०१७१

आता मेहुण्यांच्या गाडीकडे वळू. पहिल्या गॅरेजात मुलाने जोडणीत यंत्र लावले. पडद्यावर आले, 'पी ०१७१'. या क्रमांकाची रचना सोपी आहे. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअर यांच्याकडचा दोष. नंतरचे शून्य म्हणजे हा सर्व कंपन्यांचा समान क्रमांक. पुढचा १ म्हणजे हवा-पेट्रोलचा विभाग; तेथे ३ असता तर ठिणगीचा विभाग. शेवटचे दोन अंक त्या विभागातला नेमका दोष सांगतात. या क्रमांकाचा अर्थ: हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

मुलगा म्हणाला, "सर, ऑक्सिजन सेन्सर गेलाय." सेन्सर बदलला, यंत्राने क्रमांक पुसला, दिवा विझला. बिल साडेपाच हजार. पाचव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या, मोठ्या गॅरेजात तोच क्रमांक निघाला. तेथे सांगितले, "पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पंप आणि चारही इंजेक्टर बदलावे लागतील." अंदाज बावीस हजार. मेहुण्यांनी भाचीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचा मनात हिशेब केला, आणि रात्री मला फोन केला.

या दोघा कारागिरांनी लबाडी केली असे मला वाटत नाही. दोघांनीही एकच चूक केली. क्रमांक हे लक्षण आहे. त्यांनी ते निदान समजून घेतले. 'ताप आहे' हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड, हे तो सांगत नाही, आणि ताप आला म्हणून थर्मामीटर बदलून उपयोग नसतो. पहिल्या गॅरेजाने तेच केले. क्रमांक पुसणे म्हणजे तर पाऱ्याचा थर्मामीटर झटकून ताप उतरला म्हणण्यासारखे आहे.

धुरात ऑक्सिजन जास्त का असेल? पंप अशक्त असेल, गाळणी किंवा इंजेक्टर तुंबले असतील, हवा मोजणारा सेन्सर मळून कमी मोजत असेल, धुराच्या नळीला सेन्सरच्या आधी भोक पडून बाहेरची हवा आत येत असेल, सेन्सरच चुकीचे सांगत असेल, किंवा मोजणी झाल्यानंतर कोठून तरी चोरवाटेने हवा इंजिनात शिरत असेल. सहा संशयित. दिव्याकडे पाहून त्यांतला एकही निवडता येत नाही.

ज्याने निवडला, ते एक साठीतले मिस्त्री. साताऱ्याच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे काम चालते. एका शिक्षकमित्राने नाव सुचवले म्हणून मेहुणे तेथे गेले. मीही कुतूहलाने बरोबर होतो. मिस्त्रींनी यंत्र लावले, पण क्रमांकाकडे ओझरतेच पाहिले. त्यांनी पडद्यावर दुरुस्तीचा टक्का काढला. इंजिन जागेवर घुरघुरत असताना तो होता अधिक २१. मग ते मेहुण्यांना म्हणाले, "सर, जरा पाय द्या. तीन हजारांवर धरा." टक्का उतरत उतरत अधिक ४ वर आला. मिस्त्री म्हणाले, "पंप चांगला आहे. हवा चोरतोय कुठंतरी."

दोन आकड्यांवरून एवढे कसे कळले? गणित करून पाहा. समजा, जागेवर उभे असताना मोजणीच्या सेन्सरमधून सेकंदाला २.५ ग्रॅम हवा जाते आणि एखाद्या फटीतून, मोजणी चुकवून, अर्धा ग्रॅम आत शिरते. संगणकाने पेट्रोल सोडले अडीच ग्रॅमच्या हिशेबाने. हवा आली तीन ग्रॅम. म्हणजे पेट्रोल २० टक्क्यांनी वाढवावे लागणार. आता वेग वाढवला. मोजलेली हवा झाली समजा १० ग्रॅम. फट काही मोठी झाली नाही. तिच्यातून फार तर तेवढीच हवा, अर्धा ग्रॅम. आता वाढ फक्त ५ टक्के. चोर तेवढाच, पण बाजार मोठा झाला!

पंप अशक्त असता तर उलटे घडले असते. जागेवर त्याने गरज भागवली असती, आणि जोर लागल्यावर, म्हणजे पेट्रोलची मागणी वाढल्यावर, टक्का चढला असता. ऑक्सिजनचा सेन्सर बिघडला असता तर चूक दोन्हीकडे साधारण सारखीच दिसली असती. बावीस हजारांचे काम करण्याआधी अर्ध्या मिनिटाचा हा प्रयोग कोणालाही करता आला असता. त्यांच्या यंत्रांतही तो टक्का दिसत होताच. (एक गोष्ट सांगून ठेवतो: हा हिशेब हवेचा प्रवाह थेट मोजणाऱ्या गाड्यांचा आहे. काही मोटारींत हवेचे माप नळीतल्या दाबावरून काढतात. तेथे चोरहवेचे लक्षण वेगळे दिसते.)

मग मिस्त्रींनी हातभर लांबीची एक रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावले आणि दुसरे इंजिनावरून, फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवून, हळूहळू फिरवले. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच म्हणा. एका ठिकाणी ते थबकले. आम्हालाही ऐकवले: बारीक 'सूं' असा आवाज. साबणाच्या पाण्याचा फवारा तेथे मारला, तसा आवाज क्षणभर थांबला आणि टक्का खाली सरकला. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जेथे हात मुश्किलीने पोहोचतो, तेथे बोटाएवढ्या जाडीची एक रबरी नळी उष्णतेने कडक होऊन तिला वाकणावर भेग पडली होती. नळीचे दीडशे, मजुरीचे तीनशे.

मेहुण्यांनी त्यांना विचारले, "मिस्त्रीकाका, तुम्ही शिकलात कुठे?" त्यावर ते म्हणाले, "कार्बुरेटरच्या गाड्यांवर. तेव्हा दिवा नव्हता ना, सर. विचारच करायला लागायचा."

यंत्र कोणाच्या हाती?

येथे एक बाजू कारागिरांचीही मांडायला हवी. दोषाचा क्रमांक वाचणारे साधे यंत्र आज हजार-बाराशे रुपयांत मिळते आणि ते मोबाइलला जोडता येते. पण प्रत्येक गाडीच्या पोटातले बारकावे सांगणारी पुस्तके, आकृत्या आणि कंपन्यांची खास यंत्रे सगळ्यांना मिळत नाहीत. ती नसली की सुटे भाग बदलून पाहणे एवढेच हातात उरते, आणि तो प्रयोग गिऱ्हाइकाच्या पैशाने होतो. अमेरिकेत १९९० सालच्या कायद्यानेच धुरासंबंधीच्या तपासणीची माहिती सर्व दुरुस्ती करणाऱ्यांना खुली ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, आणि २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काला मतपेटीतून कौल दिला. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत या कारणावरून, चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांवर दंड ठोठावला. त्या आदेशाला कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिले. म्हणजे पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्रींचे कौशल्य आणि मोठ्या कंपन्यांच्या कुलपातली माहिती यांचा हा जुनाच वाद आहे, आणि दुरुस्तीचे बिल त्यावरही ठरते.

घरात कोणी जुनी गाडी घेणार असेल तर तुम्हाला एक परीक्षा करता येईल. किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. पिवळा दिवा लागलाच पाहिजे. दिवा शाबूत आहे हे दाखवण्यासाठी तो त्या वेळी मुद्दाम लागतो. लागलाच नाही तर कोणीतरी त्याची वाचा बंद केली आहे असे समजा. आणि दिवा ठीक असला तरी यंत्र लावून पाहा. क्रमांक नुकतेच पुसले असतील तर संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस निरनिराळ्या वेगांनी चालावी लागते. विकणाऱ्याने सकाळीच दिवा विझवून आणला असेल तर तो येथे पकडला जातो.

राहता राहिला पहिल्या गॅरेजाने काढून टाकलेला ऑक्सिजन सेन्सर. मेहुण्यांनी तो मागून घेतला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तो चिमट्यात उभा धरला. त्याला चार तारा होत्या: दोन एकाच रंगाच्या, त्या आतल्या हीटरच्या, उरलेल्या दोन मल्टिमीटरला जोडल्या आणि मीटर २ व्होल्टवर लावला. मुलांना दोन पावले मागे उभे करून, स्वतः चष्मा लावून, गॅसच्या छोट्या ज्योतीत सेन्सरचे टोक धरले. पहिले अर्धे मिनिट काहीच नाही. टोक लालसर होऊ लागले तसा आकडा हलला: ०.२, ०.५, ०.७ आणि मग ०.८४ वर स्थिर. ज्योत बाजूला केली; क्षणात ०.०६. पुन्हा ज्योत, पुन्हा ०.८३. मुलांनी दहा वेळा करायला लावले आणि वहीत तक्ता मांडला. दहाही वेळा सेन्सरने बरोबर उत्तर दिले.